बसायच्या जागा

परवा मार्केट यार्डात तू माझ्याशी बोललास.

पर्समधून आवाज आला, "इथे बटाट्याच्या पोत्यांवर बसावं. कांद्याच्या पोत्यांवर बसू नये, वास घरापर्यंत सोबत येतो. मालक ओरडतो, पण उठवत नाही." तुझाच आवाज, आणि शेवटी ते नाकातल्या नाकात हसणं. मी गाळ्यासमोर उभी होते. व्यापारी भाव सांगत होता आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तुला दफन करून अजून दोन आठवडेही झाले नव्हते. मागून एक हमाल हातगाडी घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, सरका की बाजूला, वाट हाय ही." मी सरकले. फोन काढून पूर्ण बंद केला. मग रिक्षात बसल्यावर पुन्हा चालू केला, तू परत बोलतोस का ते पाहायला. रिक्षा तोवर गेटाबाहेर आली होती. तू बोलला नाहीस.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडून आहे, यूसुफ. रडून झालंय. पहिल्या आठवड्यात जेवढं रडायचं तेवढं रडले, नवऱ्याने न सांगता चहा करून दिला, सगळं रीतसर झालं. पण गेलेल्या माणसाने निदान गप्प राहावं, एवढी साधी अपेक्षा तू पूर्ण करत नाहीस. जिवंत होतास तेव्हाही तुला नको तिथे बोलायची खोड होतीच.

कंपनीतून तुझ्याविषयी एक मेल आली. किती वर्षं काम केलंस, कोणत्या प्रोजेक्टवर होतास, किती मनमिळाऊ होतास. 'मनमिळाऊ' सोडून बाकी बरोबर होतं. आपल्या जुन्या टीमच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, आणि त्या जोडलेल्या हातांच्या मधोमध एकाने सवयीने गुलाबाचं फूल घालून 'शुभ सकाळ' पाठवलं. यावर सगळ्यात आधी तू काहीतरी खवचट लिहिलं असतंस. मी वाट पाहिली. खरंच पाहिली, फोन हातात धरून. तुझ्या नावाखाली तू शेवटचा कधी आला होतास ती वेळ अजून दिसते, त्या दिवशीची सकाळची. मी ती रोज उघडून बघते. रोज तीच असते आणि रोज मला थोडं नवल वाटतं.

तर मी तुझी जन्मतारीख, शिक्षण वगैरे लिहिणार नाही. ते मेलमध्ये आलंय. मला तुझ्याशी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायचंय, आणि आता तू मध्ये तोंड घालणार नाहीस असं मला वाटलं होतं.

आपली ओळख झाली ती शतक बदलायच्या धसक्यात. जगातले जुने प्रोग्रॅम वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ओळखतात, नवं शतक लागलं की ते गोंधळतील, म्हणून कुठल्याशा परदेशी विमा कंपनीचे प्रोग्रॅम दुरुस्त करायला आपल्यासारख्या पोरापोरींना एका हॉलमध्ये बसवलं होतं. तू दुरुस्ती करायचास आणि मी त्यातल्या चुका काढायचे. तू कसबा पेठेत कागदीपुऱ्यात राहणारा, बाइंडिंगवाल्याचा मुलगा. मी दापोडीची, टपाल खात्यातल्या कारकुनाची मुलगी. दोघांच्याही घरात इंग्रजी बोलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मीटिंगमध्ये आपण दोघं सारखेच गप्प असायचो आणि बाहेर आल्यावर सारखेच बोलत सुटायचो. मी चूक दाखवली की तू म्हणायचास, "माझ्याकडे तर नीट चालतंय." मी म्हणायचे, "मग तुझं मशीन पाठव गिऱ्हाइकाला." पहिलं वर्ष बहुधा एवढ्या दोन वाक्यांवरच गेलं.

ईदला तुझी आई शीरखुर्म्याचा डबा पाठवायची. बुद्धपौर्णिमेला माझी आई तोच डबा खिरीने भरून परत पाठवायची. रिकामा डबा परत करायचा नाही, हे दोघींनी एकमेकींना न भेटता ठरवलं होतं. दोन्हीत चांगलं काय, यावर आपण वर्षानुवर्षं वाद घातला. दोघीही गेल्या आणि वाद राहिला. मला आता सांगायला हरकत नाही, तुझ्या आईचा शीरखुर्मा चांगला असायचा. खीर माझी बरी होते, आईची जरा पातळच व्हायची.

तुझे छंद हा ऑफिसमध्ये वेगळा विषय होता. दर वर्षी एक नवा. कॅमेरा घेतलास तेव्हा आमच्या सगळ्यांच्या नाकाचे फोटो काढलेस. मग गिटार आली, ती घरच्यांनी बंद पाडली. मग कुंडीतली बुटकी झाडं, मग सायकल, मग घरी पाव भाजणं. कागदीपुऱ्यात राहून, जिथे गल्लीच्या तोंडाला बेकरी आहे, तिथे तू घरी पाव भाजायचास आणि त्याचे फोटो ब्लॉगवर टाकायचास. मी खाली लिहायचे, 'वीट छान भाजली आहे.' तू माझी प्रतिक्रिया कधी काढून टाकली नाहीस. ब्लॉग गेले, पुढची माध्यमं आली, तू प्रत्येकावर जाऊन बसलास. "बघायला जातोस की दाखवायला?" असं मी तुला दर सहलीनंतर विचारायचे. तू म्हणायचास, "दाखवायचं ठरवलं की नीट बघितलं जातं." हे तुझं म्हणणं मी तेव्हा मान्य केलं नाही. अजूनही पूर्ण करत नाही.

कंपनीने आपल्याला परदेशी पाठवलं होतं ते एक थंड, करडं गाव तुला आठवत असेल. नदीकाठी ओळीने बाकं होती आणि प्रत्येक बाकावर पितळेची छोटी पट्टी, त्यावर एकेका गेलेल्या माणसाचं नाव. अमक्याला ही जागा आवडायची. तमकी इथे बसायची. तू प्रत्येक पट्टी वाचत गेलास आणि मी गारठ्यात पाय आपटत उभी. तू म्हणालास, "मी गेलो की माझ्या नावाचं एक बाक टाका." मी म्हटलं, "पुण्यात? कोणाचं तरी पार्किंग जाईल." तू इतका हसलास की समोरच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. तेव्हा आपण तिशीतही आलो नव्हतो. मरणावर हसायला काही लागत नाही त्या वयात.

मग चाळिशी आली. डब्याच्या टेबलावर आधी पगाराच्या गोष्टी व्हायच्या, त्या जाऊन कोलेस्टेरॉलच्या व्हायला लागल्या. कोणाची साखर, कोणाचं थायरॉइड, कोणाचा मणका. मला एसीत घाम फुटायचा आणि भर उन्हात थंडी वाजायची. तू म्हणायचास, "सुजाताचं हवामान खातं वेगळं आहे." आणि मग एक दिवस छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असताना तू दिवसभर मीटिंगा केल्यास, कोणी विचारलं तर "नीट चालतंय" म्हणालास, आणि संध्याकाळी तुझ्या बायकोने, रेहानाने, तुला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, आता चाला.

तू चालायला लागलास आणि तुझ्या लक्षात आलं की पुण्यात चालता येतं, बसता येत नाही. पेठेतल्या पेठेत शंभर पावलं टाकली की तुला दम लागायचा. उभ्याने दम खाल्ला की चार माणसं विचारतात, काय झालं, बरं नाही का, पाणी आणू का. बसलं की कोणी विचारत नाही, बसलेला माणूस बसलेला असतो. हे तू मला फोनवर सांगितलंस, एका बंद स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर बसून. ती तुझी पहिली जागा.

तो तुझा शेवटचा छंद, आणि एवढा एकच तू सोडला नाहीस. नकाशावर बसायच्या जागा टाकायच्या. पायऱ्या, ओटे, पार, कट्टे, कोणाच्या तरी पडीक स्कूटरची सीट. त्यासाठी तू स्वतः एक ॲप लिहिलंस. चालताना जागा जवळ आली की ते बोलायचं, कारण चाळिशीनंतर भर रस्त्यात चष्मा कोण शोधत बसणार. आवाज तुझाच, कारण फुकट होता. ज्याला नवीन जागा टाकायची त्याने आपल्या आवाजात टाकायची. नियम एकच, आणि त्यावर तू अडून बसायचास. जिथे खरंच बसावं लागलं तीच जागा टाकायची. गरज नसताना, नुसती छान दिसली म्हणून टाकायची नाही. कोणीतरी एका हॉटेलच्या बागेतले झोपाळे टाकले, ते तू काढून टाकलेस. "त्याला दम लागला नव्हता," म्हणालास, "त्याला फोटो काढायचा होता." मला बरं वाटलं. माझा वाद निदान एकदा तरी तुझ्या तोंडून ऐकायला मिळाला.

मी ते ॲप तपासलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण तू लिहिलेलं काही माझ्याकडून तपासून न घेता बाहेर गेलेलं मला सहन होत नाही. एकेका जागेवर जाऊन बसून आले. धायरीत, आमच्या घराजवळ, तू एका नव्या स्कीमचं विक्री कार्यालय टाकलं होतंस. "सोफा उत्तम. फ्लॅट घ्यायचाय असं सांगावं, पाणी देतात. टू बीएचके म्हणावं, वन म्हटलं तर पाणी येत नाही." मी गेले, टू बीएचके म्हणाले, पाणी आलं. 'येथे बसू नये' अशी पाटी जिथे जिथे दिसली तिथे तू आवर्जून जागा टाकली होतीस. लोक बसत असल्याशिवाय कोणी पाटी लावत नाही, हा तुझा हिशोब. त्यात चूक काढता आली नाही.

हळूहळू अनोळखी माणसं ते वापरायला लागली. गुडघे दुखणाऱ्या बायका, दिवस गेलेली एक मुलगी, काठी घेऊन निघणारे एक आजोबा. ते आपापल्या जागा टाकायचे आणि तू त्यांना उत्तरं लिहायचास. एवढी वर्षं ऑनलाइन पडीक असलेला तू, पण मला पहिल्यांदाच वाटलं की तिथे तुझं काही काम आहे. हे मी तुला म्हणाले नाही. पुढच्या आठवड्यात म्हणेन, असं बऱ्याच आठवड्यांत वाटलं.

तू मात्र माझ्या मागे लागलास. "तू एक तरी जागा टाक."

"मला लागत नाही," मी म्हणायचे. "मी धडधाकट आहे. मी जिना चढते, तुझ्यासारखी लिफ्टला लोंबकळत नाही."

आणि मग तो ऑफिसचा जिना. तुला आठवत असेल, आणि मला तर रोज आठवतो. मधल्या मजल्यावर खिडकीचा कट्टा आहे, तो तुझ्या नकाशावर होता. लिफ्ट बंद होती म्हणून तू तिथे टेकला होतास. मी खालून आले, वळणावर थांबले, फोन काढला, मेसेज वाचल्यासारखं केलं आणि मग पुढे आले. मी तुला ओलांडून वर जायला लागले तेव्हा म्हणालास, "सुजाता, स्क्रीन काळी होती."

"काय?"

"फोन बंद होता. तू वाचत नव्हतीस. कधीपासून थांबतेस?"

"तू तुझं बघ."

"माझं बघून झालंय, म्हणूनच तुझं बघतोय."

मी चिडले. आई आठवली म्हणून चिडले, हे तुला सांगायचं राहिलं. आमच्या दापोडीच्या जिन्यात आई मध्येच थांबायची आणि पदराने कठडा पुसायची, म्हणजे थांबली असं वाटू नये. कठडा नेहमी लख्ख असायचा. एक दिवस कठडा पुसता पुसताच ती गेली. ती गेली त्या वयाला मी आता टेकले आहे. जिना चढताना मला छातीत काही आवळल्यासारखं होतं आणि मी फोन काढते, कारण मला पदर नसतो. एवढं सगळं तुला त्या वळणावर उभं राहून सांगता येत नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवून हृदय बघायची ती टेस्ट लिहून दिलीय, हे मी तुला कसंबसं सांगितलं. करते म्हणाले, दिवाळी होऊ दे. तू म्हणालास, "आयुष्यभर दुसऱ्याच्या कामात खोट काढलीस आणि स्वतःचं काही तपासायचं म्हटलं की तुला दिवाळी आडवी येते." मी म्हटलं, "विषय बंद." तू हात वर करून शरणागती पत्करलीस. आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं ते.

दिवाळी झाली. टेस्टची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे, तुझा आवाज येतो त्याच कप्प्यात.

तू गेलास ती सकाळ मला रेहानाने सांगितली. तू पाव आणायला गेला होतास, कारण घरचा पाव भाजणं बंद झालं होतं, देवाची कृपा. ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. गल्लीच्या वळणावर तू दिसलास. तू थांबलास आणि हात वर केलास. "मला वाटलं, येतोय म्हणतायत," ती म्हणाली. "मीसुद्धा हात केला आणि पुढचा कपडा झटकला." कपडा दोरीवर टाकून तिने पुन्हा पाहिलं तेव्हा तू रस्त्यावर होतास आणि पाव सगळीकडे.

तिने हे मला फोनवर एकदा सांगितलं आणि मग दुसऱ्यांदा, जसंच्या तसं.

आज, रविवारी, तिने बोलावलं. "ये ना," म्हणाली. "आधी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आता कोणी येत नाही." मी खीर केली. तुमच्याकडचा तो जुना डबा माझ्याकडे राहिला होता, तुझ्या आईचा, झाकणावर पोचा असलेला. तोच भरून निघाले. तुमच्या गल्लीपर्यंत रिक्षा जात नाही, म्हणून मोठ्या रस्त्यावर उतरले आणि चालायला लागले. ॲप काढून टाकावं असं घरून निघताना वाटलं होतं. बोट त्याच्यावर ठेवलंही. मग तसाच फोन पर्समध्ये टाकला.

पहिल्यांदा तू स्टेशनरीच्या दुकानापाशी बोललास. "ही पहिली जागा. पायरी गार असते, उन्हाळ्यात बरी." मी चालत राहिले. मग देवळाचा ओटा आला. "चप्पल काढून बसावं. मला कोणी नाव विचारलं नाही, मी सांगितलंही नाही." एक बाई पर्समधून बोलणाऱ्या पुरुषाकडे पाहत गेली. दुपार व्हायला आली होती, गल्लीत सुतार रंधा मारत होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि तू माझ्या काखेतून बोलत होतास. मला भीती वाटली. माझ्या छातीतलं ते आवळणं सुरू झालं होतं आणि मी ठरवलं होतं की तुझ्या एकाही जागेवर बसायचं नाही. बसले तर तू जिंकलास. मेलेल्या माणसाशी असली चढाओढ करणारी मी जगात एकटीच असेन.

मग पाण्याच्या टाकीचा कट्टा आला आणि तू म्हणालास, "ही शेवटची. यापुढे जागा नाही. लागत नाही. वळलं की घर दिसतं."

मी वळले. घर दिसलं. गॅलरीतली दोरी दिसली, तिच्यावर काही नव्हतं. तू आता पुढे बोलणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी मी कान दिला. डावा हात जड झाला होता, त्यात डबा होता म्हणून असेल. डब्यामुळेच असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि थांबले. उजव्या हाताने फोन काढला आणि वाचायला लागले. थोड्या वेळाने लक्षात आलं की स्क्रीन काळी आहे.

शेजारी एका दुकानाची पायरी होती. मी बसले. ठरवून नाही, पायच खाली गेले.

दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली होती. गल्ल्यावरचा पांढऱ्या दाढीचा माणूस वाकून म्हणाला, "बसा ताई, निवांत बसा. पाणी देऊ का?" पाणी दिलं. मग म्हणाला, "यूसुफभाईंकडे आलात का?"

मी हो म्हटलं.

"हे त्यांच्या वडिलांचंच दुकान. बाइंडिंगचं. आता माझ्याकडे भाड्याने आहे." त्याने समोरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं. "तिथे पडले. माझ्या डोळ्यासमोर. रोज तिथे यायचे आणि थांबायचे. मी रोज म्हणायचो, अहो बसा दोन मिनिटं, तुमच्याच दुकानाची पायरी आहे. तर म्हणायचे, घर दिसतंय, आता कशाला."

मी खांबाकडे पाहिलं. इथून तुमची गॅलरी किती जवळ आहे, यूसुफ. हाक मारली तर ऐकू जाईल. सगळ्या पुण्याला कुठे बसायचं ते सांगत फिरलास, कांद्यावर की बटाट्यावर तेही सांगितलंस, आणि आपल्या दारात आल्यावर तू माझ्या आईसारखा कठडा पुसत उभा राहिलास. मला इतका राग आला की रडू फुटलं. तुझा राग, आईचा राग, आणि त्या पायरीवर बसलेल्या माझाही. आपण तिघंही एकाच वळणावर थांबलेली माणसं आणि तिघांनाही वाटलं की कोणाला दिसत नाही.

तेवढ्यात रेहाना गॅलरीत आली. तिने मला पायरीवर बसलेलं पाहिलं. मी ठीक आहे, येतेच, असं सांगायला मी हात वर केला.

ती आत वळलीसुद्धा नाही नीट. जिन्यातून तिच्या धावण्याचा आवाज आला आणि ती गल्लीत आली, अनवाणी, डोक्यावरची ओढणी कुठेतरी मागे राहिलेली. माझ्या दंडाला तिने इतकं घट्ट धरलं की वळ उठला. "काय होतंय? सांग. काय होतंय ते सांग."

"काही नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं. तिचे पाय दिसले. धुळीने भरलेले, एका अंगठ्याला ठेच लागून रक्त आलेलं.

"दम लागतो," मी म्हटलं. "इथे आवळतं. बरेच महिने."

डॉक्टर सोडले तर मी हे कोणालाही पहिल्यांदाच सांगत होते. नवऱ्यालासुद्धा नाही.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. मग तिने विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

"त्यालाच माहीत होतं. टेस्ट लिहून दिलीय तेही. चिठ्ठी पर्समध्येच आहे."

"आणि मला बोलले नाहीत. दोघंही सारखेच." तिने माझ्या मांडीवरची पर्स उघडली, विचारलं नाही, आणि चिठ्ठी काढली. नंबर वाचायला तिने ती लांब धरली, कारण तिलाही आता जवळचं दिसत नाही. पायरीवरूनच फोन लावला. रविवार असून कोणीतरी उचलला. "पेशंट माझी नणंद आहे," असं ती त्यांना म्हणाली. "उद्या सकाळी पहिली वेळ द्या. मी स्वतः घेऊन येतेय, ती एकटी आली तर परत जाईल."

फोन ठेवून ती म्हणाली, "डब्यात काय आहे?"

"खीर."

"अम्मींचा डबा," ती म्हणाली आणि झाकणावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिली. दुकानदाराने दोन चमचे आणून दिले. आम्ही तुझ्या वडिलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून खीर खाल्ली. ती म्हणाली, बरी झालीय, जरा पातळ आहे.

मग मी ॲप उघडलं. जागा टाकायचं ते बटण मी कधी वापरलं नव्हतं. मी तपासलं तेव्हा तिथे नुसता एक चौकोन होता. आता बटण दाबल्यावर तू बोललास. हे तू नंतर कधीतरी घातलं असणार. तू म्हणालास, "खरं सांगा. बसावं लागलं ना?" आणि थांबलास, उत्तर ऐकायला थांबावं तसा. रेहाना तोंडात चमचा धरून तशीच राहिली. तुझा आवाज तिने त्या दिवसानंतर पहिल्यांदा ऐकला होता.

मी 'हो' दाबलं.

टेस्ट उद्या सकाळी आहे. काय निघेल ते निघेल. मला भीती वाटते आणि ती मी आता फोनमागे लपवत नाही, निदान आज तरी. तुझ्या नावाचं बाक टाकायला पुण्यात जागा नाही हे माझं म्हणणं मी मागे घेते. कोणाचं पार्किंगही गेलं नाही. त्या गल्लीतून कोणी दमत चाललं, तर टाकीच्या कट्ट्यापाशी तू नेहमीप्रमाणे सांगशील की यापुढे जागा नाही, लागत नाही, वळलं की घर दिसतं. ते मी पुसलेलं नाही. तुझं वाक्य आहे, राहू दे. पण तो माणूस वळला की पुढे माझा आवाज येईल.

"इथे पायरी आहे. यूसुफच्या वडिलांचं दुकान. सावली आहे, पाणी मिळतं. समोर घर दिसतंय. तरी बसा."